माशीला माशी

दोन महिने आमच्या जळकोटात जो तो बारीक होत चालला होता, आणि त्याला कारण मी होते. दुष्काळ नव्हता, कसली साथ नव्हती. फक्त माझ्या दुकानात काढलेले पासपोर्ट फोटो होते.

हायवेला लागून, एसटी थांब्यासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, फोटो. तोंडाची फटकळ म्हणून माझी पंचक्रोशीत ख्याती आहे आणि ती मी मेहनतीनं कमावलेली आहे. बायकांनी कॉम्प्युटर उघडून बसू नये असं ज्यांना वाटतं, ते माझ्या काउंटरवर फार वेळ थांबत नाहीत.

त्या वर्षी माझा कॉम्प्युटर व्हायरसनं पार टेकीला आला होता. फेकून देण्याऐवजी मी त्याच्यातलं विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. कुणाला बोलावलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावला, वही उघडली आणि व्हिडिओतला माणूस बोलेल ते माझ्या गिचमिड मराठीत उतरवत गेले. मधेच स्क्रीन काळी झाली. व्हिडिओतला माणूस म्हणाला, असं झालं तर अमुक एक शब्द घाला. घातला. स्क्रीन उजळली. त्याच आठवड्यात मी नवी, चांगली रुंद स्क्रीन आणली होती. तिच्यावर लिनक्स सुरू झालं तेव्हा मी दुकानात एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

स्क्रीनवर सगळंच गुबगुबीत दिसत होतं. अक्षरं बसकी आणि जाड, खिडक्या ऐसपैस. सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बदलायला गेले तर एकच आकडा होता, दुसरा निवडायची सोयच नाही. मी म्हटलं, मोठ्या स्क्रीनचं असंच असेल. गिऱ्हाईकंही खूश. "आता कसं चष्म्याबिगर वाचता येतंय," असं एक म्हातारे म्हणाले आणि मी ती सगळी माझीच करामत असल्यासारखी मान डोलावली.

फोटोतली तोंडंही गुबगुबीत दिसायची. मग मी ती माऊसनं दोन्ही बाजूंनी आत ढकलून बेताची करायचे. स्क्रीनवर झकास दिसायची. छापून आली की लांबुडकी. बेंबळीचे एक गृहस्थ फोटो घेऊन परत आले, काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, माजं तोंड घोड्यावाणी का आलंय?" मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कॅमेरा आहे तो, आरसा नाही. आहे तेच येतं." बिचारे गप फोटो उचलून गेले. आज आठवलं की मला माझीच लाज वाटते.

माझ्या दुकानात एक लाकडी खुर्ची आहे, तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. ती मास्तरचाचांची. चाचा उर्दू शाळेत मास्तर होते, रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत, तेही घसीट लिपीत, म्हणजे कारकुनानं हात न उचलता भराभर ओढलेल्या अक्षरांत. उर्दू येणाऱ्यांनाही ती लागत नाही. चाचांना लागायची. लोहारा, उमरगा, कुठून कुठून लोक मोबाइलमध्ये कागदाचे फोटो घेऊन यायचे, मी ते स्क्रीनवर लावायचे आणि चाचा हातात भिंग धरून वाचायचे. एक डोळा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, दुसरा व्हायचा होता. कागद वाचण्याबद्दल ते कुणाकडून काही घेत नसत. चहा मात्र बशीतूनच प्यायचे, कपातून दिला तर रागवायचे.

नवी स्क्रीन आल्यापासून चाचा अडखळायला लागले. एकेका ओळीवर दहा दहा मिनिटं. मी फोटो मोठा करून दाखवला की म्हणायचे, "नक्को बेटी. घसीट एक एक हर्फ करून वाचत नसतात. माणूस लांबून चालीवरून ओळखतो ना आपण, नाकावरून नाही. पूरी लकीर दिसू दे." पुरी ओळ दाखवावी तर बारीक नुक्ते दिसेनात. नुक्ता म्हणजे अक्षराखाली किंवा वर दिलेला ठिपका, आणि उर्दूत सगळा जीव त्या ठिपक्यात. चाचा भिंग पुसायचे, डोळे पुसायचे, पुन्हा बघायचे. मी मनात म्हणायचे, वय झालं. एकदा तर मी ते तोंडानंही बोलून दाखवलं.

अशात माकणीच्या अक्का आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, दोन एसटी बदलून आलेल्या. धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचं शेत. दोन वर्षांमागं सीताफळाची बाग लावली आणि बोअर आटलं. त्यांच्या सासऱ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं, की शेतात मोठ्या चिंचेजवळ एक बांधीव विहीर होती, ती कधीतरी बुजली. कुठं, ते कुणालाच सांगता येईना. अक्कांनी चिकाटीनं हिंडून कचेरीतल्या जुन्या कागदाचा मोबाइलमध्ये फोटो मिळवला होता. त्यात विहिरीचा पत्ता होता.

चाचांनी वाचलं. चिंचेच्या बुंध्यापासून मगरिबेला, म्हणजे पश्चिमेला, इतके हात. किती ते मात्र लागेना. वीसला उर्दूत बीस. बीस आणि तीस, दोन्ही शब्दांचा सांगाडा लिहिताना अगदी एक. बीसला पहिल्या अक्षराखाली एक नुक्ता, तीसला पहिल्या अक्षरावर दोन. घाईत लिहिणारा ते वरचे दोन नुक्ते जोडून बारीक आडवी रेघ ओढतो. चाचा बराच वेळ स्क्रीनला नाक लावून बसले आणि म्हणाले, "वर रेघ दिसते. तीस."

अक्कांच्या घरच्या चौघांनी तीन दिवस खणलं. पुरुषभर खोल गेले. मुरूम लागला, निव्वळ मुरूम, ज्याला कधी कुणी हात लावला नव्हता. गावानं खड्ड्याभोवती उभं राहून चेष्टा केली, दिरानं खड्डा बुजवला आणि सांगितलं, कागद खोटा, वाचणारा खोटा, आता परत खणायचं नाव काढायचं नाही.

अक्का पुन्हा आल्या तेव्हा भांडायला आल्यात असं वाटून मी पदर खोचून तयारच होते. पण त्या खाली मान घालून चाचांसमोर बसल्या. "मास्तर, म्या तुमाला दोष देत न्हाय. पर बाग वाळायलीय. आजून एकडाव बगता का?"

चाचांनी बघितलं नाही. चष्मा काढून त्याची घडी केली. मग त्यांचं ते पितळी कड्याचं भिंग माझ्या काउंटरवर ठेवलं. "बेटी, हे तुझ्याकडं राहू दे. कुणाला लागलं तर दे. माझं बस झालं. एका गरिबाच्या घरच्यांना तीन दिवस मातीत घातलं मी. आजपासून बंद."

 चाचा वाचणं बंद करणार म्हणजे त्या खुर्चीत बसणंच बंद करणार, आणि मग घरी खाटेवर पडून छताकडं बघत राहणार, हे मला दिसत होतं. मला रडू आलं की मी चिडते. मी म्हटलं, "चाचा, किती वेळा सांगितलं, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या! ऐकता का कुणाचं?"

ते काठी घेऊन उठले. उठता उठता सवयीनं नजर स्क्रीनवर गेली. अक्कांचा कागद अजून लावलेलाच होता, खाली कोपऱ्यात सरकारी मोहर. चाचा थांबले.

"बेटी, ही मोहर अशी कायको?"

"कशी?"

"अंड्यासारखी. आडवी. ती मोहर गोल असते. शेकडो बघितल्या मी."

"डोळे, चाचा. दुसरं काय?"

त्यांनी काउंटरवरची चहाची बशी उचलली, झब्ब्याला पुसली आणि मला म्हणाले, मोहर बशीएवढी कर. मी केली. चाचांनी बशी स्क्रीनला टेकवली. खालीवर बरोबर बसली. दोन्ही बाजूंना मात्र मोहर बोट बोटभर बाहेर आली होती. अक्का पण वाकून बघायला लागल्या.

"डोळा गेला असेल तर बशी पण आडवी दिसायला पाहिजे ना?" चाचा म्हणाले. "बशी गोल दिसते मला."

मी त्या बशीकडं बघत राहिले आणि मला बेंबळीच्या माणसाचं घोड्यासारखं तोंड आठवलं. मग दुसरं तोंड आठवलं, तिसरं आठवलं, दोन महिन्यांत मी चेपलेली सगळी तोंडं एकामागून एक आठवली. स्क्रीन सगळं आडवं ताणत होती. मी त्या ताणलेल्याला बेताचं करत होते. आणि चाचांना म्हणत होते, तुमचे डोळे गेले.

"चाचा, बसा," मी म्हटलं. "अक्का, तुम्ही पण. चहा सांगते. आज ह्या मशीनला सोडत नाही."

दुपारचे दोन वाजले होते. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, वही काढली. शोधता शोधता एवढं कळलं, की माझ्या कॉम्प्युटरमध्ये चित्र काढायचं एक वेगळं कार्ड आहे, जुनं, आणि त्याच्याशी बोलायला लिनक्सला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर नसला की लिनक्स जेमतेम चित्र उभं करतं, रुंद स्क्रीनवर चौकोनी चित्र ताणून बसवतं. म्हणजे दोन महिने मी दुभाष्याशिवाय कारभार चालवला होता.

यादीत दोन ड्रायव्हर दिसले, एक नवा, एक जुना. मी अर्थातच नवा घेतला. आपण जुनं का घ्यायचं? कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि स्क्रीन काळी ठिक्कर. गुबगुबीत तर गुबगुबीत, निदान काहीतरी दिसत होतं, आता तेही गेलं. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाचांनी कानावर हात ठेवले.

वहीत कुठंतरी लिहिलं होतं, की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ थ्री एकदम दाबलं की नुसत्या अक्षरांची खोली उघडते, तिथं चित्राची गरज नसते. दाबलं. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. तिथून नवा ड्रायव्हर काढून टाकला, जुन्या कार्डाला जुना घातला. जुन्याला जुनंच समजतं, हे खरं तर त्या खुर्चीकडं बघून मला आधीच कळायला हवं होतं. चालू केला. स्क्रीन आली. पण पुन्हा तशीच गुबगुबीत, मोहर पुन्हा अंडंच.

मी डोकं धरून बसले. अक्का आता हळूच म्हणाल्या, "ताई, आमची पान्याची मोटार उलटी फिरायला लागली की आमी मोटार खोलत न्हाय. आदी बगतो, शेवटाला कुनी काय जोडलं हुतं. वायर उलटी लागल्याली आसती. मोटार बिचारी बरी आसती."

शेवटी काय जोडलं होतं? मी वहीचं अगदी पहिलं पान उघडलं, लिनक्स टाकलं त्या दिवसाचं. माझं ते गिचमिड अक्षर मलाच लागेना. एका ओळीपुढं नुसतं लिहिलं होतं, "हे घालणे, नाहीतर स्क्रीन काळी," आणि आधी एक लांबलचक शब्द.

चाचांनी वही ओढून घेतली. चष्मा चढवला. काउंटरवर ठेवलेलं भिंग हातात घेतलं, घेतलंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. "तोबा, काय घसीट लिहिते गं तू," म्हणाले, आणि एका दमात वाचलं, "नोमोडसेट." मग बोटानं शब्द तोडला. "नो. मोड. सेट. इंग्रजी आहे हे. नो म्हणजे नक्को. तू ह्याच्यात मनाई लिहून ठेवलीस, बेटी. मनाई कुणाला केलीस?"

ड्रायव्हरला. मी ड्रायव्हरला मनाई केली होती. त्या दिवशी कार्डाला ड्रायव्हर नव्हता म्हणून स्क्रीन काळी पडत होती, म्हणून तेवढ्यापुरतं सांगायचं होतं की चित्राच्या भानगडीत पडू नको. मी व्हिडिओ पुन्हा लावला. माणूस पुढं स्पष्ट म्हणत होता, की सगळं बसलं की ड्रायव्हर टाका आणि हा शब्द काढून टाका. ते मी ऐकलंच नव्हतं, कारण तोवर मी टाळ्या वाजवत होते. माशीला माशी मारून उतरवलं होतं, आणि तीही अर्धीच.

सुरुवातीच्या फाईलमधून तो शब्द खोडला. बदल कायम करायची कमांड दिली. बंद, चालू. 

स्क्रीन उजळली आणि मी किंचाळले. सगळं बारीक, रेखीव, धारदार! आधी दिसत नव्हत्या त्या बारीक रेघाही दिसायला लागल्या. सेटिंगमध्ये आता एक सोडून डझनभर आकडे होते आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यावर टिंब होतं. चाचांनी आधी बशी मागितली. मोहर उघडली, बशी टेकवली. चहूबाजूंनी बरोबर बसली.

मग कागद. पुरी ओळ एका नजरेत, आणि नुक्ते जागच्या जागी. चाचा वाचू लागले ते थांबेचनात. चिंचेचं झाड, मगरीब, बांधीव विहीर, दगडी कड, शेजाऱ्यांची नावं, सगळं गडगडत आलं. त्या आकड्यापाशी मात्र ते थांबले. भिंग धरलं. बराच वेळ धरलं.

"बेटी, इकडं ये. वरचं हे बघ. कसं आहे?"

"ठिपका आहे."

"गोल का चौकोनी?"

मी बघितलं. "गोल."

"आणि हा खालचा?"

खालचा तिरपा चौकोन होता, चारी कोपरे दिसत होते.

"बांबूची कलम तिरपी कापतात," चाचा म्हणाले. "ती टेकवली की ठिपका चौकोनी उठतो. गोल ठिपका कारकुनाचा नाही, माशीचा. माशी बसून गेली कागदावर. तुझ्या स्क्रीननं तिला ताणून रेघ केली, आणि मी रेघ वाचली." त्यांनी चष्मा काढला.  "बीस आहे, अक्का. वीस. वीस हात."

 चाचांनी विचारलं, "माझ्या शब्दावर परत खणाल? घरचे ऐकतील?"

"घरच्यांचं म्या बगते," अक्का उठल्या. "कुनी आलं न्हाय तर मी आन माजा टिकाव."

तीन दिवस मी फोनकडं बघत काढले. चाचा रोज यायचे, खुर्चीत बसायचे, पण कुणी कागद आणला तर म्हणायचे, थांबा, आधी माकणीचं कळू दे. भिंग काउंटरवरच पडून होतं. मी त्याला हात लावला नाही, जागचं हलवलंही नाही.

या तीन दिवसांत मी सगळे फोटो नव्यानं छापले आणि फोन करून लोकांना बोलावलं. बेंबळीच्या गृहस्थांची तोंडभरून माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, तुमी माफी मागताय हेच लई झालं." दोन बायकांनी मात्र नवा फोटो घ्यायला साफ नकार दिला. त्यांना आधीचाच पसंत होता.

चौथ्या दिवशी सकाळी अक्कांचा व्हिडिओ आला. मी तो मोबाइलवर बघितलाच नाही, तडक स्क्रीनवर लावला. मातीच्या ढिगावर चढून वरून काढलेला. खड्डा कमरेएवढा. तळाशी घडीव काळ्या दगडांची ओळ, एकाला एक खेटून, वळत गेलेली. अर्धीच कड उघडी झाली होती, बाकीची अजून मातीत. टिकाव हातात धरून खड्ड्यात उभा होता तो दीर, चेष्टा करणारे आता घमेली वाहत होते, आणि मागून अक्कांचा आवाज, "मास्तर, वलं हाय! माती वली लागलीया! वीस हात, बरूबर वीस!"

मी रडत होते आणि चिडलेली नव्हते. आयुष्यात एखाद्या वेळीच झालं असेल असं.

चाचांनी व्हिडिओ थांबवायला सांगितला. बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला, बशी पुसली आणि स्क्रीनवरच्या त्या अर्ध्या कडेला लावली. दगड बशीच्या काठानं वळत गेले होते. जी अर्धी कड मातीत होती, तिथं बशी होती. ती तशीच धरून ते बराच वेळ उभे राहिले, मग खुर्चीत बसले, काउंटरवरचं भिंग उचललं आणि झब्ब्याला पुसलं.

दारात उमरग्याचा एक माणूस तीन दिवसांपासून खेपा घालत होता, मोबाइल हातात घेऊन. चाचांनी त्याला हातानं आत बोलावलं आणि मला म्हणाले, "बेटी, त्यांचा कागद लाव."